दोन पदरांची दोरी

सातवीच्या वर्गाला मी पुष्कळ वर्षं इतिहास शिकवला. परीक्षेत एक प्रश्न हमखास ठरलेला असायचा : युद्धाची कारणे लिहा. मुलं घोकून यायची आणि बोटांवर मोजत सांगायची, मूळ कारणं अमुक, तात्कालिक कारण तमुक. मूळ कारणांना चार गुण, तात्कालिक कारणाला एक. एकदा एका द्वाड पोरीने मला विचारलं, ‘‘बाई, तात्कालिक कारण झालंच नसतं, तर ते लोक लढलेच नसते का?’’ मी तिला खाली बस म्हटलं. वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी पुढचं शिकवणं जमलं नाही, खडू हातात धरून मी नुसती फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. एका गुणाचं ते कारण काय असतं, हे त्या शाळेत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या लढाईचं तात्कालिक कारण मीच होते.

आमचं गाव गोंदियाकडचं, केशोरीच्या बाजूचं, चहूकडे जंगल आणि मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. त्याला वरटोला म्हणत, कारण ते तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून होतं. कोसभर खाली, त्याच तलावाच्या पाटावर खालटोला. तलाव कुणी खोदला ते कुणालाच सांगता येत नसे, पण आमच्या पूर्वजांनीच खोदला असं दोन्ही गावं म्हणत, आणि दोन्ही गावांचे पूर्वज एकच असल्यामुळे ते दोघांचंही खरं होतं. आम्ही तलाव बांधणाऱ्यांच्या जातीचे. आमच्याकडे मुलगी पाहायला गेलं की आधी त्यांच्या तलावाची पाळ पाहत, मग मुलीचं तोंड. सकाळी पाळीवरून सारसाच्या जोडीची हाक यायची, पाठोपाठ घराघरांतून मुसळांचे आवाज सुरू व्हायचे. आमच्या घरचं मुसळ मायच्या हातात असलं तर एका लयीत चालायचं, माझ्या हातात आलं की लंगडायचं. माय आतून ओरडायची, ‘‘कौसे, धान कांडून राहिली का साप मारून राहिली?’’

घरात बा, माय, मी आणि लग्न होईपर्यंत माझी मोठी बहीण पारबता. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणायचे. तिला खालटोल्याला दिली होती, डोमाजीच्या घरी. कोसभरावर दिली म्हणून मायला आनंद आणि बाला अभिमान, कारण डोमाजी नांगराला पक्का आणि बोलायला मऊ. तो सासुरवाडीला आला की बा स्वतः तलावावरून झिंगे आणायचा, माय ते वांग्यात घालून रांधायची, लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी द्यायची आणि जवायाच्या ताटात भाताचा असा ढीग लावायची की पलीकडे बसलेला बा त्याला दिसू नये. बा त्याला ‘जवाई’ म्हणायचा नाही, ‘बापू’ म्हणायचा. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं ते वैऱ्यांमध्ये झालं नाही. एका पंगतीत जेवणाऱ्यांमध्ये झालं.

आता दोरीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाळीच्या पोटात पाण्याची मोरी होती आणि तिच्या तोंडाला लाकडी दट्ट्या. पाऊस गेला की पाणी पाळीपाळीने घ्यायचं, काही दिवस वरटोला, काही दिवस खालटोला. ज्या गावाची पाळी संपेल त्याने मोरी बंद करायची, आणि पुढची पाळी लागेपर्यंत चार दिवस ती कोणी उघडायची नाही. दट्ट्याला तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जाड दोरी गुंडाळायची, वरून चिकणमाती थापायची आणि तो ठोकून बसवायचा. ती दोरी त्या गावातल्या एका घराने द्यायची. घरं ठरलेली, पाळीही ठरलेली. घरच्या बाईने आंघोळ करून वळायची, ओलांडायची नाही, पारोशा हाताने शिवायची नाही. आणि वळण दोन्ही गावांचं वेगळं. आमची दोरी तीन पदरांची आणि उजवी, खालटोल्याची दोन पदरांची आणि डावी. का, ते विचारू नका, असंच होतं. त्यामुळे मोरी शेवटी कोणी बंद केली हे दोरी बघून आंधळ्यालाही सांगता यायचं. दोन गावांमध्ये कागद नव्हता, ही दोरीच कागद होती. दट्ट्या बसवण्याचं काम फागू करायचा. तो म्हातारा दोन्ही गावांचा पाणकर होता, दोन्हीकडून धान घ्यायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचा.

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर गेला तो गेलाच. दूर देशांत मोठी लढाई चालू होती. गोंदियाच्या बाजारातून येणारे लोक सांगायचे, शिपायांनी भरलेल्या गाड्या जाताहेत, रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही. गुरुजी पिंपळाखाली बसून जुना पेपर वाचून दाखवायचे. बा सुपारी कातरत ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, ‘‘पन गुरुजी, सुरुवात कोनं केली?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘हे म्हणतात त्यांनी केली, ते म्हणतात यांनी.’’ बा हसला. ‘‘एवढे शिकले-सवरले लोक, आन् बांधीच्या धुऱ्यापायी भांडावं तसे भांडून राहिले!’’ त्याचं ते हसणं माझ्या अजून कानात आहे.

पण आमच्याकडेही कुरबुर मुरत होतीच. आदल्या वर्षी शंकरपटात खालटोल्याची बैलजोडी जिंकली आणि त्यांनी ती मुद्दाम आमच्या गावातून वाजतगाजत नेली. त्यांच्या दंडारीच्या खेळात सोंगाड्याने आमच्या पाटलाच्या चालण्याची नक्कल केली, पाटील तिथेच बसलेला असताना. आमच्याकडच्या एका लग्नात त्यांच्या वऱ्हाडाला डाळ पातळ वाढली गेली. बायका पाण्यावर हे उगाळत, पुरुष पारावर. मूळ कारणं म्हणतात ती हीच. परीक्षेत कोणी ‘डाळ पातळ वाढली’ असं लिहिलं असतं तर मी त्याला गुण दिले नसते, पण द्यायला हवे होते.

बाई त्या पावसाळ्यात चार दिवस माहेरी राहून गेली होती. ओसरीत बसून तिने मला सासरचं वळण शिकवलं. ‘‘आमच्याकडचं सोपं हाय वं, दोन पदर आन् डावा पिळा, मुसळ दहादा पडते ना तेवढ्यात हातभर होते,’’ असं म्हणत ती भरभर वळायची. मला पिळा जमला, शेवटची गाठ मात्र जमेना. मी ती उलटी मारायचे आणि टोक दोन बोटं सैल सुटायचं. बाई पोट धरून हसायची. ‘‘तुही गाठ म्हंजे वासराची शेपटी!’’

पोळ्यानंतरच्या एका दिवशी आमच्या गावाची पाळी संपत होती आणि दोरी द्यायची पाळी आमच्या घराची होती. मायने पहाटेच आंघोळ करून तीन पदरी दोरी वळली, ओसरीत खुंटीला अडकवली आणि मला बजावून निंदणाला गेली, ‘‘भिजवून, माती लावून फागूले नेऊन देजो. खाली ठेवजो नोको.’’ मी काढली ती दारातच खाली ठेवली, कारण मला शिंगाडे सोलायचे होते. सहा शिंगाडे खाऊन वर पाहते तो वासराने निम्मी दोरी फस्त केलेली. तणसच ते, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? वासराने उष्टावलेली तलावाची दोरी म्हणजे मायने माझी पाठ सोलली असती. तीन पदरांना वेळ नव्हता. मी बाईचं वळण धरलं आणि दोन पदरांची, डावी, वासराच्या शेपटीची गाठ असलेली दोरी घाईघाईने वळली. बारीक दिसू नये म्हणून माती जास्त थापली आणि ओल्या पोत्यात गुंडाळून पाळीवर नेली. फागू छातीभर पाण्यात उभा होता. पोत्यात हात घालून चाचपत म्हणाला, ‘‘कावं पोरी, आज दोरी बारीक लागून राहिली.’’ मी म्हटलं, ‘‘मायनं वळली.’’ त्याने बुडी मारली आणि पाण्याखाली चाचपून दट्ट्या ठोकला. मी धावतच घरी आले.

सकाळी बोंब उठली. दट्ट्या निसटला होता आणि रातोरात हातभर पाणी पाटाने खाली गेलं होतं, खालटोल्याच्या बांध्यांत. अर्धा गाव पाळीवर जमला. पाटाच्या तोंडाशी झुडपात दोरी अडकलेली होती. पाटलाने ती काठीने उचलली, माती धुतली आणि सगळ्यांना दाखवली. दोन पदर. डावा पिळा. सगळ्यांनी एकाच क्षणी एकच अर्थ लावला : खालचे लोक रात्री आले, मोरी खोलून पाणी नेलं, आपली दोरी लावून बुजवायला गेले आणि ते जमलं नाही. फागू ओल्या धोतराने उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘‘काल मले दोरी बारीक लागली होती बापा, मले लागली होती.’’ त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आमच्या घरची दोरी काढून फेकली, म्हणून बाच्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या मागेच उभी होते. मला वाटलं, दोन-चार दिवस ओरडतील, मग विसरतील. मी गप्प राहिले. बोलायला सगळ्यात सोपा दिवस तोच होता, हे आता कळतं.

पाटलाने ती दोरी खालटोल्याला पाठवली, ‘आपलं वळण ओळखा’ असा निरोप देऊन. तिसऱ्या प्रहरी तिकडून सोनबा आजा आला. दोन्ही गावांत ज्याच्या शब्दाला मान होता असा तो एकटाच म्हातारा उरला होता. आमच्या अंगणात पाटील, बा आणि आणखी दहा-बाराजण बसले होते. मायने त्याला पाणी दिलं. ते न पिता त्याने दोरी खाटेवर ठेवली आणि बाला म्हणाला, ‘‘तुही पारबता म्हणते, हे दोरी माह्या कौसीच्या हातची हाय. वळन आमचं, पन गाठ कौसीची. म्याच शिकवलं म्हणते तिले. पोरीले एक डाव विचारून पाहा आन् मंग काठ्या उचला.’’

मी दारात होते. माय पटकन बोलली, ‘‘दोरी म्या वळली, तीन पदरी. पोरीचा हात बी नाही लागला तिले.’’ ती खोटं बोलत नव्हती, तिला तेवढंच माहीत होतं. पाटील हसून म्हणाला, ‘‘नवऱ्याकडून बोलून राहिली तुही पारबता.’’ बाचा चेहरा लाल झाला होता, तरी त्याने मला पुढे बोलावलं. त्याने विचारलं हे मला सांगितलंच पाहिजे, कारण लोक पुढे म्हणत की बाने ऐकूनच घेतलं नाही. तो मऊ आवाजात म्हणाला, ‘‘कौसे, भिऊ नोको. पारबताचं नाव घेऊन सांग. हे दोरी तू वळली होती का?’’

खाटेवर दोरी पडलेली होती, टोक दोन बोटं सैल सुटलेलं. मायकडे पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती, तिचा शब्द नुकताच दहा माणसांत पडलेला. पाटील वाट बघत होता. मला वासरू आठवलं, शिंगाडे आठवले, मार आठवला. लढाई काही आठवली नाही.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

सोनबा आजा उठला. मग त्याने आपली काठी घेतली आणि निघाला. त्याने पाणी प्यायलं नव्हतं, तांब्या तसाच भरलेला होता. बा म्हणाला, ‘‘पारबता आजपासून मले मेली.’’ माय आत जाऊन रडली, आणि संध्याकाळच्या भाताला मीठ घालायचं विसरली. आम्ही तो तसाच जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळीवर लढाई झाली. मी पाहिली नाही, बायका-पोरींना घरात कोंडलं होतं. ऐकली मात्र. आधी आरडाओरडा, मग काठ्यांचा आवाज, अगदी धान झोडपल्यासारखा, आणि मग एकदम शांतता. ती शांतता सगळ्यात वाईट होती. फागू दोघांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला होता. कोणाची काठी त्याच्या डोक्यात बसली हे दोन्ही गावांना अजून माहीत नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. आणि डोमाजीचं उजवं मनगट बाच्या काठीने चुरा झालं. काही म्हणत बाने मुद्दाम मारलं, काही म्हणत डोमाजी त्यालाच आवरायला पुढे आला होता. बा त्यावर मरेपर्यंत बोलला नाही. पोलीस आले, माणसं बांधून नेली, काही सुटली, काही बऱ्याच वर्षांनी परतली. दोन्ही गावांनी पाळीवर आपापला पहारा ठेवला, पण मोरीवर फागूसारखा हात कोणाचा बसेना. पाणी झिरपत गेलं आणि धान दोन्हीकडे सारखंच वाळलं.

मी बाला सांगितलं, त्याच हिवाळ्यात. माझ्याच्याने राहवेना. तो खळ्यात बसला होता. मी वासरापासून गाठीपर्यंत सगळं सांगितलं आणि मार खायला उभी राहिले. त्याने मारलं नाही. तणसाची एक काडी उचलून ती मोडत तो म्हणाला, ‘‘आता हे कोनाले सांगजो नोको. फागू मेला, बापूचा हात गेला. एवढं सारं वासरापायी झालं म्हणून लोकाईले कसं सांगाचं?’’ माझ्या बाने, साध्यासुध्या शेतकऱ्याने, जे सांगितलं ते मला पुढे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नाही. लढाई झाल्यावर कारण लहान असून चालत नाही. सांडलेल्या रक्ताला शोभेल एवढं मोठं कारण मग सगळे मिळून शोधतात. आमच्या दोन गावांनीही शोधलं. आज तिथल्या तरुण पोरांना विचारा, ते पूर्वजांपासूनच्या अन्यायाची गोष्ट सांगतील, आणि तिच्यात दोरी कुठेच नाही.

बाई पुन्हा माहेरी आली नाही. मायच्या मरणालासुद्धा आली नाही. पाळीपलीकडून तिचं रडणं ऐकू आलं असं बायका म्हणाल्या, खरं-खोटं देव जाणे. मला माझ्या मावशीने गोंदियाला नेलं, मी शिकले आणि मास्तरीण झाले. लोक म्हणाले, कौसी हुशार निघाली. मी पळाले होते. खालटोल्याला एकटी जाऊन बाईच्या पाया पडायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकत गेले.

आम्ही भेटलो तेव्हा दोघींचे केस पांढरे झाले होते. डोमाजी वारला होता. डोळे दाखवायला माझा भाचा, तिचा मुलगा, तिला गोंदियाला घेऊन आला आणि न सांगताच माझ्या दारात उभी करून गेला. मी तिला पाटावर बसवलं, लाखोळीची डाळ रांधली, भात वाढला. ती चवीने जेवत होती, आणि मधेच घास थांबवून, जुनी सवय असल्यासारखं, खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘कौसे, एक विचारू का वं? त्या दिवशी सोनबा आज्यानं माहा निरोप सांगतला ना, तवा बानं तुले विचारलं होतं का?’’

मी पळी खाली ठेवली. ती पुढे बोलत होती. ‘‘सासरी साऱ्याईनं मले खोटी म्हटलं. बहिनीनंच नाही म्हटलं म्हणत. मी म्हटलं, नाही, माह्या कौसीले कोनं विचारलंच नसन. मोठ्याईनंच परस्पर नाही म्हणून धाडलं असन. तिले विचारलं असतं त तिनं सांगतलं असतं. ह्याईचा हात गेला तवा बी मी हेच म्हणून राहिली होती. सारा जलम हेच मनाले सांगत आली. खरं हाय ना?’’

ती माझ्याकडे बघत होती, पडदा आलेल्या डोळ्यांनी. आणि मी म्हटलं, ‘‘हो बाई. मला कोणी विचारलंच नाही.’’

ती हसली आणि तिने आणखी थोडा भात मागून घेतला. रात्री माझ्याजवळ झोपली, सकाळी गेली. त्याच वर्षी थंडीत ती वारल्याचा निरोप आला. तिच्या समाधानासाठी खोटं बोलले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. पहिल्यांदा मी माराला भ्याले, दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांना. लहानपणाचं निमित्त पहिल्या वेळेला तरी होतं.

आता खालटोल्यातलं किंवा वरटोल्यातलं, ते दिवस पाहिलेलं कोणी उरलं नाही. मोरीला केव्हाच लोखंडी दार बसलं, दोरी वळणारे हातही गेले. माझ्या बोटांना मात्र अजून तो डावा पिळा येतो आणि गाठ अजूनही उलटीच पडते.

बाई, बाने विचारलं होतं. सगळ्यांसमोर, मऊ आवाजात, तुझं नाव घेऊन विचारलं होतं.